शिकवणाऱ्याची जबाबदारी कुठपर्यंत? परदेशी सैनिक, आपली प्रशिक्षण केंद्रं आणि एक अवघड संशोधन-प्रश्न

मागच्या पावसाळ्यात वाडीला घरी होते. पाणी देवळात शिरलं होतं, दक्षिणद्वार होणार अशी कुजबुज सुरू झाली होती, आणि सैनिक टाकळीहून मामा भल्या सकाळीच आले होते. आमचे मामा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले. शेवटची काही वर्षं ते एका प्रशिक्षण केंद्रात उस्ताद होते. (फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, कुस्तीच्या तालमीतल्यासारखंच.) ओसरीवर चहा घेताना त्यांनी विचारलं, "तुझी ती पीएचडी नेमकी कशावर हाय गं?"

मी म्हटलं, "मामा, दुसऱ्या देशांचे सैनिक आणि पोलीस आपल्याकडे शिकायला येतात ना, त्यांनी परत जाऊन काही वाईट केलं तर आपल्या सरकारची जबाबदारी किती, यावर."

मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माझ्याकडं पण होती की बाहेरची पोरं. चांगली पोरं. त्यातल्या एकाच्या देशात पुढं फौजेनंच सरकार पाडलं म्हणं. टीव्हीवर बघितलं. मग काय, मी चुकीचं शिकवलं का?"

मला उत्तर देता आलं नाही. तीन वर्षं ज्या विषयावर वाचतेय त्याचा हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात नेमका प्रश्न होता, आणि माझ्या सिनॉप्सिसमध्ये तो कुठेच नव्हता. म्हणून हा लेख. तुमच्यापैकी बरेचजण पेट किंवा नेटची तयारी करत आहात, काहीजण विषय शोधताय. एखादा तापलेला विषय संशोधनाचा प्रश्न कसा होतो, आणि होता होता कुठे फसतो, हे या निमित्ताने सांगते.

आधी हे आपल्या किती जवळ घडतं ते बघू. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, मित्रदेशांचे कॅडेट आपल्या कॅडेटांबरोबर तीन वर्षं शिकतात आणि तिथूनच संचलन करून बाहेर पडतात. भूतान, मालदीव, श्रीलंका, व्हिएतनाम, ताजिकिस्तान ही त्यातली काही नावं. दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात, लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर, देवळालीच्या तोफखाना शाळेतही परदेशी अधिकारी येतात. देवळालीला तर सिंगापूरची फौज आपल्या तोफा घेऊन सरावाला येते, कारण त्यांच्या देशात तोफ डागायला जागाच नाही. सीमेपलीकडे बेळगावात २००९ मध्ये भारत-मालदीव 'एकुवेरिन' सराव पहिल्यांदा झाला. वाडीहून बेळगाव काही लांब नाही.

इथेच एक फरक लक्षात ठेवा, कारण वाचताना सगळे घोळ इथूनच सुरू होतात. संयुक्त सराव वेगळा आणि प्रशिक्षण वेगळं. सरावात दोन फौजा बरोबरीने उतरतात. प्रशिक्षणात एक शिकवतो, दुसरा शिकतो. जबाबदारीचा प्रश्न मुख्यतः दुसऱ्या प्रकारात उभा राहतो. आणि दुसऱ्या प्रकारातही पूल बांधायला शिकवणं, बोटीचं इंजिन दुरुस्त करायला शिकवणं आणि बंडखोरांविरुद्धची कारवाई शिकवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यात बोटी घेऊन आलेले जवान आपण सगळ्यांनी पाहिलेत. तेही प्रशिक्षणच. सगळ्या अभ्यासक्रमांना एकाच टोपलीत टाकणारा पेपर दिसला की मी तो जरा बाजूला ठेवते.

एनडीएबद्दल एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. तिची मुख्य इमारत 'सुदान ब्लॉक' म्हणून ओळखली जाते. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत भारतीय सैनिकांनी जे बलिदान दिलं त्याच्या स्मरणार्थ सुदान सरकारने एक लाख पौंड दिले होते. फाळणीनंतर त्यातला भारताचा वाटा सत्तर हजार पौंड आला, तो या इमारतीला लागला. म्हणजे ज्या वास्तूत आज परदेशी मुलं शिकतात ती वास्तूच एका परदेशी देणगीतून उभी आहे. लष्करी मैत्रीचा हिशोब असा पिढ्यान् पिढ्या चालतो.

आता माझी चूक. पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी प्रश्न असा मांडला होता: भारतात प्रशिक्षण घेतलेल्या परदेशी अधिकाऱ्यांमुळे त्यांच्या देशात लष्करी उठाव वाढतात का? वाचायला झकास वाटतो. समितीपुढे मी नायजेरियाचं उदाहरण ठेवलं. इब्राहिम बाबांगिडा १९६३ मध्ये डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत शिकले, १९८५ मध्ये उठाव करून सत्तेत आले आणि १९९३ ची निवडणूक त्यांनी रद्द केली. मुहम्मदु बुहारी १९७३ मध्ये वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात होते, १९८३ च्या शेवटच्या दिवशीच्या उठावाने ते सत्तेवर आले. मला वाटलं, झालं, सिद्ध झालं.

समितीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी शांतपणे विचारलं, "आणि ओबासांजो?"

ओलुसेगुन ओबासांजो १९६५ मध्ये भारतात होते, आधी वेलिंग्टनला आणि मग आपल्या पुण्यात, लष्करी अभियांत्रिकीच्या शिक्षणाला. १९७६ मध्ये राष्ट्रप्रमुखाची हत्या झाल्यावर ते लष्करी राजवटीचे प्रमुख झाले आणि १९७९ मध्ये त्यांनी निवडून आलेल्या सरकारकडे सत्ता सोपवली. आफ्रिकेत तेव्हा असं क्वचितच घडत होतं. मग हे श्रेय पुण्याचं का? तसं म्हणावं तर त्यांच्याच राजवटीत, १९७७ मध्ये, सैनिकांनी फेला कुटी या गायकाच्या घरावर हल्ला करून ते जाळलं. त्याचं अपश्रेयही मग पुण्याचंच का?

गोम अशी की मी उठाव केलेल्यांची नावं आधी घेतली आणि मग ते भारतात कधी आले होते ते शोधलं. जे हजारो अधिकारी इथे शिकून गेले, परत जाऊन गुमान नोकरी केली आणि पेन्शन घेतली, ते माझ्या यादीत आलेच नाहीत. संख्याशास्त्रात याला निकालावरून नमुना निवडणं म्हणतात. गावाकडच्या भाषेत, पडलेल्या विहिरीच मोजायच्या आणि म्हणायचं की विहिरी पडतातच. ही चूक करू नका. मी केली, सहा महिने गेले.

दुसरी अडचण आणखी चिवट. गोटाबाया राजपक्षे घ्या. १९८० मध्ये भारतातल्या बंडखोरीविरोधी युद्धशाळेत, १९८३ मध्ये वेलिंग्टनला. पण पाकिस्तानात आणि अमेरिकेतही त्यांनी अभ्यासक्रम केले. २००५ ते २०१५ ते श्रीलंकेचे संरक्षण सचिव होते. २००९ च्या युद्धाच्या अखेरच्या टप्प्यात दोन्ही बाजूंनी गंभीर गुन्हे केल्याचे विश्वासार्ह आरोप असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये नोंदवलं. आता तीन देशांनी शिकवलेल्या, १९९१ मध्येच फौज सोडलेल्या माणसाच्या खात्यावर पुढे जे येतं, त्याचा कितवा हिस्सा कोणत्या वर्गातून आला? हे मोजायचं यंत्र कोणाकडेच नाही.

म्हणून प्रश्न बदलावा लागला. 'प्रशिक्षणामुळे काय झालं' याऐवजी मी विचारायला लागले: शिकवण्याआधी सरकारने काय तपासलं, शिकवल्यानंतर कशाची नोंद ठेवली, आणि याबद्दल सरकारला विचारायचा हक्क कोणाला आहे? या प्रश्नाला कागद लागतात, कायदे लागतात, संसदेची उत्तरं लागतात. म्हणजे पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातल्या गोष्टी. गाईड म्हणाले, आता जमलं.

कायद्याची बाजू थोडक्यात, पण जपून सांगते, कारण इथे बरेचजण भावनेच्या भरात वाहवतात. आंतरराष्ट्रीय कायद्यात एखाद्याला नुसतं शिकवलं म्हणून त्याची प्रत्येक कृती शिकवणाऱ्या देशाची ठरत नाही. यावरचा पायाभूत निकाल निकाराग्वा विरुद्ध अमेरिका, २७ जून १९८६. तेव्हा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या अध्यक्षपदी आपले नागेंद्र सिंग होते. अमेरिकेने 'कॉन्ट्रा' बंडखोरांना पैसा, शस्त्रं, प्रशिक्षण सगळं दिलं होतं, शिवाय गनिमी युद्धातल्या मानसशास्त्रीय कारवायांची एक पुस्तिकाही. न्यायालयाने दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या. एक, एवढ्या मदतीनंतरही कॉन्ट्रांचे अत्याचार हे अमेरिकेचेच अत्याचार म्हणता येणार नाहीत. त्यासाठी त्या-त्या कारवाईवर अमेरिकेचं प्रत्यक्ष, परिणामकारक नियंत्रण होतं हे दाखवावं लागेल. दोन, तरीही अमेरिका सुटत नाही: दुसऱ्या देशातल्या बंडखोरांना शिकवून, शस्त्रं देऊन पाठवणं हा त्या देशाच्या कारभारात हस्तक्षेप आहे, आणि ती पुस्तिका वाटणं म्हणजे मानवतेच्या कायद्याविरुद्ध वागायला उत्तेजन देणं आहे.

म्हणजे विद्यार्थ्याचं पाप मास्तरच्या माथी नाही, पण मास्तरचं स्वतःचं पाप मात्र त्याच्याच माथी. हा फरक समजला की अर्धा विषय समजला. पुढे २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने राज्यांच्या जबाबदारीची कलमं तयार केली. त्यातलं सोळावं कलम म्हणतं की दुसऱ्या राज्याच्या बेकायदा कृत्याला, परिस्थिती माहीत असताना, साहाय्य करणारं राज्यही जबाबदार असतं. इथे सगळं 'माहीत असताना' या शब्दांवर येऊन थांबतं. आणि माहीत असण्यासाठी आधी कोणीतरी विचारलेलं असावं लागतं. न विचारणाऱ्याला हे कलम धरूच शकत नाही, हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा जरा धक्काच बसला. सरकारला अज्ञानात राहणंच सोयीचं ठरावं अशी ती रचना आहे.

यावर अमेरिकेने एक उपाय काढला, तोही ठेच लागल्यावर. १९४६ मध्ये पनामात सुरू झालेली आणि १९८४ मध्ये जॉर्जिया राज्यात हलवलेली त्यांची एक शाळा 'स्कूल ऑफ द अमेरिकाज' म्हणून कुप्रसिद्ध झाली. १९८९ मध्ये एल साल्वादोरमध्ये सहा जेझुइट धर्मगुरू, त्यांची स्वयंपाकीण आणि तिची मुलगी यांची हत्या झाली. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने १९९३ मध्ये त्यात अधिकाऱ्यांची नावं घेतली, आणि कार्यकर्त्यांनी ती नावं शाळेच्या पटाशी ताडून पाहिली. बहुतेक नावं पटावर होती. १९९६ मध्ये तिथे वापरलेल्या पुस्तिका खुद्द पेंटॅगॉनने उघड केल्या. त्यांत अशा गोष्टी होत्या की सरकारलाच हात झटकावे लागले. २००१ मध्ये शाळा नव्या नावाने, मानवाधिकारांच्या तासांसह, पुन्हा उघडली.

याच काळात, १९९७ मध्ये, सिनेटर पॅट्रिक लेही यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला. सूत्र साधं आहे: परदेशी सुरक्षादलाच्या एखाद्या तुकडीने मानवाधिकारांचं घोर उल्लंघन केल्याची विश्वासार्ह माहिती असेल तर त्या तुकडीला मदत नाही, प्रशिक्षणही नाही. यातली कळ 'तुकडी' या शब्दात आहे. अख्ख्या देशावर बंदी घातली की राजनैतिक संबंध तुटतात, आणि एकट्या माणसाला तपासलं की त्याचे वरिष्ठ सुटतात. तुकडी हे मधलं माप. प्रशिक्षणाला येणाऱ्याचं नाव आणि त्याची तुकडी दोन्ही आधी तपासतात. शिवाय कोणत्या देशाच्या किती जणांनी काय अभ्यासक्रम केला याचा वार्षिक अहवाल काँग्रेसला द्यावा लागतो, आणि त्याचा मोठा भाग कोणीही वाचू शकतो. मीही वाचला. वाडीत बसून, लाईट गेलेली असताना, मोबाईलवर.

आता हा कायदा म्हणजे रामबाण आहे असं समजू नका. जवळच्या मित्रदेशांच्या बाबतीत तो कसा लावला जातो यावर अमेरिकेतच सतत वाद आहे. आणि तिथेही दार हळूहळू बंद होतंय: त्या शाळेच्या विद्यार्थ्यांची नावं आधी मिळायची, पुढे संरक्षण खात्याने ती देणं थांबवलं, आणि २०१६ मध्ये अपील न्यायालयाने खात्याची बाजू उचलून धरली. कारण काय, तर त्या व्यक्तींचा खासगीपणा. हे कारण अगदीच पोकळ नाही. मामांच्या त्या 'चांगल्या पोरा'चं नाव मी छापलं आणि त्याच्या देशात उद्या सत्ता पालटली तर त्याचं काय होईल, हा विचार मलाही करावा लागतो. पण नावं नसतील तर एल साल्वादोरसारखी पडताळणीही होणार नाही. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकत्र मिळत नाही.

ब्रिटनचा मार्ग वेगळा. २०११ च्या डिसेंबरात त्यांनी परदेशी पोलीस, तुरुंग, न्यायव्यवस्था आणि लष्कराला मदत करण्यापूर्वी मानवाधिकारांची जोखीम कशी तपासायची याची सूचनावली प्रसिद्ध केली. हा कायदा नाही, नुसत्या सूचना आहेत. पण निदान कागद आहे, आणि त्या कागदावर बोट ठेवून खासदार प्रश्न विचारू शकतात.

आपल्याकडे काय? परदेशी लोकांच्या प्रशिक्षणाचा सरकारी कणा म्हणजे 'आयटेक', १५ सप्टेंबर १९६४ रोजी सुरू झालेला भारतीय तांत्रिक व आर्थिक सहकार्य कार्यक्रम. हिशेब तपासण्यापासून संगणकापर्यंत सगळं त्यात शिकवतात आणि संरक्षण-प्रशिक्षण हा त्याचा एक भाग आहे. पैसा परराष्ट्र मंत्रालयाचा, वर्ग संरक्षण मंत्रालयाचे. काही देश स्वतःच्या खर्चानेही माणसं पाठवतात. पोलिसांचं आणखी वेगळं: हैदराबादच्या राष्ट्रीय पोलीस अकादमीत शेजारी देशांचे अधिकारी आपल्या आयपीएस उमेदवारांबरोबर शिकतात, आणि ती संस्था गृहमंत्रालयाची. म्हणजे एका प्रश्नाला तीन मंत्रालयं. तुम्ही एकाला विचारा, तो दुसऱ्याकडे बोट दाखवणार. तहसील कार्यालयात सातबाऱ्यासाठी फिरलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

लेही कायद्यासारखा, प्रशिक्षणापूर्वी तुकडीची मानवाधिकार-तपासणी करायला लावणारा कायदा भारतात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या यातनाविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता अजून दिलेली नाही. लष्कर आणि पोलिसांच्या प्रशिक्षणातच यातनाबंदीचं शिक्षण असलं पाहिजे असं तो करार म्हणतो. तो आपल्यावर बंधनकारक झाला असता तर निदान अभ्यासक्रमात काय आहे हे विचारायला एक आधार मिळाला असता.

मग भारतात कोणी कधी विचारलंच नाही का? विचारलं, पण तामिळनाडूने. २०१२ च्या जुलैमध्ये श्रीलंकेच्या हवाई दलाचे नऊजण चेन्नईजवळच्या तांबरमला प्रशिक्षणासाठी आले. मुख्यमंत्री जयललिता यांनी कडाडून विरोध केला. केंद्राने त्यांना तांबरमहून हलवलं आणि कर्नाटकातल्या येलहंकाला पाठवलं. यावर तामिळनाडूचं समाधान झालं नाही, कारण त्यांचं म्हणणं होतं की प्रशिक्षणच नको.

हे प्रकरण मी दहा वेळा वाचलंय, कारण त्यात आपली सगळी घडण दिसते. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार केंद्राच्या सूचीत, म्हणून राज्याला कायदेशीर अधिकार शून्य. तरी राजकीय दबाव चालला. पण दबावाने काय बदललं? शिकवण्याचा निर्णय नाही, शिकवण्याची जागा. त्या नऊजणांच्या तुकड्यांनी काय केलं होतं किंवा नव्हतं, त्यांना काय शिकवणार होते, याची चौकशी या सगळ्या गदारोळात मागे पडली. एक बाजू म्हणत होती सगळे सिंहली सैनिक गुन्हेगार, दुसरी म्हणत होती मित्रदेश आहे. तपासणी नावाची गोष्ट दोघांच्याही मधल्या जागेत असते आणि तिथे कोणीच उभं नव्हतं. माझं मत विचाराल तर ही उत्तरदायित्वाची गोष्ट नव्हेच. गाऱ्हाणं एका गावातून उचलून शेजारच्या गावात नेऊन ठेवलं, एवढंच.

जबाबदारीची दुसरी बाजू मला सुरुवातीला सुचलीच नव्हती. ती २०२१ ने दाखवली. ऑगस्टमध्ये काबूल पडलं तेव्हा अफगाण कॅडेट आपल्या अकादम्यांमध्ये शिकत होते, खडकवासल्यालाही. ज्या फौजेसाठी ते तयार होत होते ती फौजच एका आठवड्यात नाहीशी झाली. परत गेले तर तालिबानच्या हाती, आणि इथे थांबायचं तर कोणत्या हक्काने? फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्तीर्ण झालेल्या ८० अफगाण कॅडेटांना आयटेकखाली बारा महिन्यांचा इंग्रजीचा अभ्यासक्रम देऊ केला गेला, राहण्याची सोय आणि भत्त्यासह. बंदूक चालवायला शिकलेल्या मुलांना कार्यालयीन इंग्रजी. हसू नका, त्या क्षणी तो माणुसकीचाच मार्ग होता. पण वर्ष संपल्यावर पुढे काय, याचं उत्तर कोणत्याही नियमात लिहिलेलं नव्हतं. शिकवणाऱ्या देशाचं आपल्या विद्यार्थ्याबद्दलही काही कर्तव्य असतं का? माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण आता यावर आहे.

आणि त्याच ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी दोहा इथे भारताच्या राजदूतांना तालिबानचे जे नेते भेटले ते शेर मोहम्मद अब्बास स्तानिकझाई. १९८२ मध्ये ते डेहराडूनच्या अकादमीत कॅडेट होते, वर्गमित्र त्यांना 'शेरू' म्हणायचे. तेव्हा त्यांना पाठवणारं सरकार वेगळं होतं, फौज वेगळी होती. कोणती तपासणी चाळीस वर्षं पुढचं पाहू शकली असती?

आता तुम्हाला उपयोगी पडेल असं थोडं. या विषयावर माहिती कुठे मिळते असं मला बरेचजण विचारतात. पहिली जागा संसदेची वेबसाइट. लोकसभा आणि राज्यसभेतल्या अतारांकित प्रश्नांची उत्तरं शोधा. 'मित्रदेश', 'प्रशिक्षण', 'आयटेक' असे शब्द वेगवेगळ्या जोड्यांनी टाकून बघा. परराष्ट्र आणि संरक्षण विषयांच्या स्थायी समित्यांचे अनुदान-मागण्यांवरचे अहवाल कंटाळवाणे असतात, पण खर्चाचे आकडे तिथेच असतात. तुमच्या खासदारांना पत्र लिहून प्रश्न सुचवताही येतो. वाडी हातकणंगले मतदारसंघात येते. ऊस आणि पुराच्या प्रश्नांच्या रांगेत माझा प्रश्न कितवा लागेल ते मात्र विचारू नका.

दुसरी जागा माहितीचा अधिकार. इथे एक मोठा गैरसमज आहे की लष्कराला हा कायदा लागू नाही. लागू आहे. चोविसाव्या कलमाच्या दुसऱ्या अनुसूचीत गुप्तचर संस्था आणि सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल यांच्यासारखी दलं सूट मिळालेली आहेत. भूदल, नौदल, हवाई दल त्या यादीत नाहीत. सूट असलेल्या संस्थांकडूनही भ्रष्टाचार आणि मानवाधिकार-भंगाच्या आरोपांबद्दलची माहिती मागता येते. खरी अडचण आठव्या कलमाची. परराष्ट्राशी संबंधांना बाधा येईल अशी माहिती, परदेशी सरकारकडून विश्वासाने मिळालेली माहिती, आणि वैयक्तिक माहिती, या तिन्ही दारांवर कुलूप आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातली दुरुस्ती तिसरं कुलूप आणखी घट्ट करते.

म्हणून अर्ज कसा लिहायचा हे महत्त्वाचं. मी पहिल्या अर्जात एका संस्थेकडे परदेशी प्रशिक्षणार्थींची देशवार यादी, नावं, तुकड्या, सगळं एकत्र मागितलं. सगळंच नाकारलं गेलं, आणि खरं सांगायचं तर दोष माझ्या अर्जाचा होता. दुसऱ्यांदा मी नावं सोडून दिली. फक्त एवढंच विचारलं की प्रशिक्षणार्थी निवडताना त्याच्या पूर्वीच्या वर्तणुकीची तपासणी करण्याबाबत काही लेखी कार्यपद्धती आहे का, असल्यास तिचा दिनांक आणि पृष्ठसंख्या कळवावी. कागदात काय आहे ते विचारलं नाही, कागद आहे का एवढंच विचारलं. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, तीस दिवस, नाही तर पहिलं अपील. उत्तर आलं: अशी माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही.

एका ओळीचं हे उत्तर. मैत्रीण म्हणाली, वाया गेलं की. मला तसं वाटत नाही. 'देता येत नाही' आणि 'उपलब्ध नाही' यांत फार अंतर आहे. पहिल्याचा अर्थ कागद आहे पण बंद आहे. दुसऱ्याचा अर्थ निदान त्या टेबलावर तरी कागद नाही. अर्थात दुसऱ्या कुठल्या टेबलावर असू शकतो, म्हणून तोच प्रश्न मी आता बाकीच्या दोन मंत्रालयांना पाठवलाय. तिघांकडूनही 'उपलब्ध नाही' आलं तर ते माझ्या प्रबंधातलं सगळ्यात मोठं निरीक्षण असेल, आणि त्यासाठी मला एकाही परदेशी सैनिकाचं नाव उघड करावं लागलेलं नसेल.

मामांना हे सगळं मी नंतर सांगितलं. पाणी तोवर उतरलं होतं, देवळाच्या पायऱ्यांवरचा गाळ काढायचं काम सुरू होतं आणि मामा परत निघायच्या तयारीत होते. त्यांनी निकाराग्वाचं ऐकून घेतलं, ओबासांजोचं पुण्यातलं शिक्षण ऐकून हसले. मग म्हणाले, "आम्हाला वरनं फक्त यादी यायची. नाव, नंबर, देश, बुटाचं माप. कुठल्या पलटणीचा, आधी काय केलंय, कोण सांगत नव्हतं. आम्ही पण कधी विचारलं नाही."

"विचारलं असतं तर चाललं असतं का, मामा?"

"उस्तादानं?" ते म्हणाले, आणि बॅग उचलून एसटी स्टँडकडे चालायला लागले. मी वहीत 'बुटाचं माप' असं लिहून घेतलं.